बॅट कोणाच्या हातात आहे? लहान मुलांच्या बेसबॉलमधल्या सुरक्षित सवयींबद्दल

प्रश्न असा आहे: आम्ही घणसोलीला राहतो. मुलगा ७ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. सुट्टीत दोघांना बेसबॉलच्या शिबिरात घातलं. पहिल्याच आठवड्यात रांगेतल्या एका मुलाने बॅट फिरवली, ती मागच्या मुलाच्या भुवईला लागली आणि टाके पडले. बायको म्हणते, मुलांना काढून घ्या. मुलीला तर कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा खेळाडू) व्हायचं आहे. आम्ही काय विकत घ्यावं आणि घरी मुलांना काय शिकवावं?

ज्याला टाके पडले तो मुलगा खेळत नव्हता. ज्याने बॅट फिरवली तोही खेळत नव्हता. दोघं आपापल्या पाळीची वाट बघत उभे होते. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, म्हणून खरेदीकडे मी बरीच उशिरा येणार आहे.

मी ठाण्यात शाळकरी मुलांना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवते. सहा ते दहा वयाच्या मुलांबद्दल माझं मत पक्कं आहे: खेळ चालू असताना लागतं त्याहून जास्त लागतं ते खेळ थांबलेला असताना. रांगेत, बॉल गोळा करताना, पाणी प्यायला जाताना, शिटी वाजून गेल्यावर. खेळ चालू असतो तेव्हा निदान सगळ्यांची नजर बॉलवर असते. थांबला की कोणाची कुठेच नसते, आणि हातात बॅट असलेलं सात वर्षांचं मूल ती फिरवणारच. त्याला मस्तीखोर म्हणण्यात अर्थ नाही. बॅट फिरवायलाच तर ते आलं आहे.

मोठ्यांच्या सामन्यात पुढचा बॅटर बाहेर उभा राहून बॅट फिरवत असतो, आणि मुलं व्हिडिओत ते बघून तेच करतात. पण अमेरिकेत १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झालेल्या लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या सगळ्यात मोठ्या संघटनेत, लहान गटांना याची परवानगीच नाही. टी-बॉलपासून (यात बॉल टाकत नाहीत, टी नावाच्या उभ्या दांडीवर ठेवून मारतात) बारा वर्षांच्या गटापर्यंत पुढच्या बॅटरने बॅट हातात घेऊन बाहेर उभं राहायचं नाही. हा नियम आपल्याकडच्या शिबिरांत फारसा कोणी पाळत नाही. पाळायला खर्च काही नाही, तरी नाही.

माझ्या बॅचमध्ये बॅटचं एक घर असतं. नेटच्या मागे फक्कीने आखलेला चौकोन, सगळ्या बॅट त्यात आडव्या पडलेल्या. बॅटरने एक बॅट उचलायची, दांडा हातात आणि जाड टोक जमिनीकडे धरून चालत होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटर जिथे उभा राहून मारतो तिथे, यायचं, आणि कोचने नाव घेतल्यावरच ती खांद्यावर न्यायची. पूर्ण मैदानावर एका वेळी एकच बॅट उभी दिसली पाहिजे. बॅट हातातून हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. बाकीची मुलं नेटमागे बसलेली. उभी नाही, बसलेली. बसलेल्या मुलाला बॅट फिरवता येत नाही आणि सहज चालत चालत बॅटरच्या मागेही जाता येत नाही. होम प्लेटभोवती तीन-साडेतीन मीटरचं वर्तुळ आखलेलं असतं आणि त्यात बॅटर, कोच आणि कॅचर यांच्याशिवाय कोणी नाही. आई-बाबासुद्धा नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण मोबाइलवर मुलाची बॅटिंग टिपायला सगळ्यात जवळ येतात ते पालकच, आणि त्यांना "मागे व्हा" म्हणायला नव्या कोचला संकोच वाटतो.

रांगच लांब असेल तर मात्र बॅटच्या घराचाही उपयोग होत नाही. पंधरा मुलं एका टीसमोर बसवली तर पाचव्या मिनिटाला कुस्त्या सुरू होतात. पाच-सहांचे गट करायचे, एक गट मारतोय, एक थ्रो करतोय, एक बेसवर (धावणाऱ्याने गाठायच्या ठरलेल्या जागांवर) धावतोय, आणि दहा मिनिटांनी बदल. त्यासाठी मोठी माणसं जास्त लागतात. पालकांपैकी कोणी रिकामं असेल तर त्याला नुसतं बॅटच्या घरापाशी उभं करा. खेळातलं काही कळण्याची गरज नाही.

आता आपल्याकडचीच एक अडचण. आपली मुलं बेसबॉलला येतात ती क्रिकेट आणि लगोरी अंगात मुरवून, आणि दोन्हींतल्या काही सवयी इथे उलट्या पडतात. क्रिकेटमध्ये धावताना बॅट हातात हवीच. त्यामुळे बॉल मारला की आपला मुलगा बॅट घेऊन पहिल्या बेसकडे पळत सुटतो, थेट पहिल्या बेसवरच्या मुलाच्या अंगावर. मग कोच ओरडतो "बॅट सोड!", आणि पुढच्या वेळी मुलगा ती मागे भिरकावतो, जिथे कॅचर बसलेला असतो. दोन्ही वाईट. "टाकू नको" असं सांगून हे सुटत नाही. टाकण्याऐवजी काय करायचं ते द्यावं लागतं. होम प्लेटच्या बाजूला, पहिल्या बेसकडे जाणाऱ्या वाटेवर सायकलचं जुनं टायर किंवा हुला हूप ठेवा. मारल्यावर पहिली दोन पावलं चालायची, बॅट टायरमध्ये ठेवायची आणि मग पळायचं. सुरुवातीला बॉलशिवाय करून घ्या: हवेत फटका, दोन पावलं, टायर, धाव. सावकाश. मुलं कुरकुरतात की यात वेळ जातो आणि आऊट होतो. होऊ दे आऊट. सामन्यातही माझ्याकडे नियम असा: बॅट टायरबाहेर गेली तर मार कितीही लांबचा असो, धाव नाही. या एका नियमाने भाषणांपेक्षा जास्त काम केलं आहे.

लगोरीचा प्रकार आणखी गमतीचा. लगोरीत काय किंवा आबाधोबीत काय, धावणाऱ्याला बॉल मारला की तो आऊट. त्यामुळे नव्या बॅचमध्ये कोणीतरी धावणाऱ्याच्या पाठीत नेम धरून बॉल मारतोच, आणि आऊट केलं म्हणून हात वर करून नाचतोही. त्याला रागावू नये, तो प्रामाणिकपणे जे शिकला तेच करतोय. पण पहिल्या दिवशी, बॉल हातात देण्याआधीच, हे करून दाखवावं: इथे धावणाऱ्याला बॉल मारायचा नाही, ग्लोव्हमध्ये धरून टेकवायचा, किंवा बेसवरच्या आपल्या माणसाकडे फेकायचा. एकाने धावायचं, दुसऱ्याने ग्लोव्हमधल्या बॉलने त्याच्या दंडाला हलकेच टेकवायचं, असा खेळ मी नुसत्या मोज्यांच्या गोळ्यावर घेते. घरी हॉलमध्येही होतो.

क्रिकेटची तिसरी सवय दातांवर येते. आपल्या मुलांना झेल म्हणजे दोन्ही तळवे वर, ओंजळ करून घ्यायचा असतो. कमरेखालच्या बॉलला ते ठीक. पण हनुवटीच्या उंचीवर येणारा बॉल ओंजळीत घ्यायला गेलं की तो तळव्यावरून घसरून थेट ओठावर बसतो. मुलांचे फुटलेले ओठ मी पाहिलेत ते बहुतेक असेच. नियम सोपा आहे: बॉल कमरेच्या वर तर बोटं आभाळाकडे, कमरेच्या खाली तर बोटं जमिनीकडे. ग्लोव्ह न घालता, रबरी चेंडूवर, एक-दोन मीटरवरून, "वर" आणि "खाली" असं मोठ्याने म्हणत हे करून घ्या. तुमच्या मुलाचे पुढचे दात आत्ता पडून नवे येत असतील. हे दात आयुष्यभराचे आहेत, तेव्हा या एका गोष्टीवर कंटाळा येईपर्यंत वेळ घालवा.

थ्रोच्या सरावात मी कडक असते, कारण तिथे एकाच वेळी दहा-बारा बॉल हवेत असतात. दोन रांगा समोरासमोर, शेजारच्या जोडीपासून हात पसरून दोघांचे हात लागणार नाहीत याहून जास्त अंतर. एक रांग उत्तरेला, एक दक्षिणेला, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा उन्हाचा तिरपा झोत कोणाच्याच डोळ्यांत जात नाही. एका रांगेकडे बॉल, दुसऱ्या रांगेने ग्लोव्ह छातीसमोर उघडून दाखवायचा आणि समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. ग्लोव्ह दिसला नाही तर थ्रो नाही. हाक मारूनही नाही. मैदानावर चार आर्यन आणि तीन आरोही असतात, हाकेने भलताच मान वळवतो. आणि बॉल सुटून मागे गेला तर त्याच्यामागे धावायचं नाही. हात वर करून उभं राहायचं, सगळ्यांचे थ्रो संपले की कोच "गोळा करा" म्हणेल, तेव्हा सगळ्यांनी एकदमच जायचं. सुटलेल्या बॉलमागे धावणं आपल्या मुलांच्या रक्तात आहे, गल्लीत बॉल गटारात जायच्या आधी पकडायचा असतो ना. इथे तोच मुलगा दुसऱ्यांच्या थ्रोसमोर येतो. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त दिवस लागतात, धीर धरा.

तातडीने थांबवण्यासाठी माझ्याकडे एकच शब्द आहे: स्टॅच्यू. तो मुलांना शिकवावा लागत नाही, बिल्डिंगखाली खेळून आधीच पाठ असतो. शिटी दहा कारणांनी वाजते, "थांबा" तर मी दिवसभर म्हणत असते. "स्टॅच्यू" मात्र फक्त खरोखरच्या वेळेसाठी राखून ठेवलेला, आणि सरावात मध्येच कधीतरी परीक्षा घेण्यासाठी.

आपल्या मैदानांची एक खास गोष्ट अमेरिकेतल्या पुस्तकात सापडणार नाही. ठाण्याचं सेंट्रल मैदान घ्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही सेक्टरचं. रविवारी एका मैदानात तीन-चार सामने एकमेकांत घुसलेले असतात. आपल्या कव्हरमध्ये उभा असलेला माणूस दुसऱ्यांच्या मिडविकेटला असतो. क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा. कुठलाही उडत आला तर फरक पडत नाही. लांबून "बॉऽऽल!" अशी आरोळी आली की आपण सगळे काय करतो? वर बघतो. तोंड उघडं टाकून. मुलांना नेमकं उलटं शिकवायचं: आरोळी ऐकली की जागेवर खाली बसायचं, हनुवटी छातीला, दोन्ही हात डोक्यामागे, कोपर कानांवर. शोधायचं नाही, पळायचं नाही. सरावात मी न सांगता ओरडते आणि कोण आधी बसतं ते बघते. त्यांना तो खेळच वाटतो. आणि जागा निवडायची तर शेजारच्या सामन्याच्या ऑफ साइडमागच्या कोपऱ्यात किंवा कुंपणालगत, दोन पिचच्या मध्ये कधीही नाही, मग ती जागा कितीही सपाट असो.

अंगावर येणाऱ्या बॉलचंही असंच. टीवर मारणाऱ्या मुलाला हा प्रश्न नाही, पण कोच समोरून टाकायला लागला की लगेच शिकवावं. घाबरलेलं मूल छाती आणि तोंड बॉलकडे करून मागे वाकतं, म्हणजे जे वाचवायचं तेच पुढे करतं. शिकवायचं ते असं: बॉल अंगाकडे येतोय असं वाटलं की पुढचा खांदा आत वळवून पाठ बॉलकडे, हनुवटी छातीत, बॅट खाली. बॉल पाठीवर किंवा मागच्या मऊ भागावर बसला तर थोडं झोंबतं आणि संपतं. मी हे ओल्या स्पंजवर सुरू करते, मग टेनिस बॉल. मे महिन्यात ओला स्पंज पाठीवर बसायला सगळेच उत्सुक असतात.

छातीबद्दल थोडं गंभीर. हृदयाच्या बरोबर समोर, ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणी आघात झाला तर हृदयाची लय बिघडून रक्त पुढे जाणंच थांबू शकतं. हे फार क्वचित होतं, पण होतं तेव्हा निरोगी मुलाला होतं, आणि आघात फार जोराचा असावा लागतो असंही नाही. मुलांची छाती लवचिक असल्याने धक्का आत पोचतो. छातीवर बॉल लागून मूल कोसळलं आणि हलेना, श्वास नीट चालेना, तर तोंडावर पाणी मारत बसू नका, पाणी पाजू नका. एकाने १०८ ला फोन, दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात: मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती साधारण एक तृतीयांश खोल जाईल इतका. हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र शाळेत, मॉलमध्ये किंवा क्लबमध्ये जवळ कुठे आहे ते आधी माहीत असलं पाहिजे. शिबिरात निदान एका मोठ्या माणसाने सीपीआरचं, म्हणजे असा छातीवर दाब देण्याचं, प्रशिक्षण घेतलेलं आहे का, हे जरूर विचारा. न रागावता उत्तर मिळायला हवं.

धावण्यातली टक्कर ही पहिल्या बेसवरची गोष्ट. पहिल्या बेसवरून पुढे पळत गेलं तरी चालतं, थांबायची गरज नाही. हे माहीत नसलेली मुलं बेसवरच उडी मारून थांबतात आणि घोटा मुरगळून घेतात किंवा बेसवरच्या मुलावर आदळतात. बेसची बाहेरची कड तुडवायची आणि उजवीकडे सरळ निघून जायचं. बेसवरच्या मुलाने आतल्या कडेला पाऊल टेकवायचं, मधोमध उभं राहायचं नाही. आमच्याकडे दोन बेस शेजारी ठेवतात, बाहेरचा नारिंगी धावणाऱ्याचा, आतला पांढरा फिल्डरचा. विकत नसतील तर जुन्या रबरी मॅटचे तुकडे चालतात. पुरलेले खुंटे किंवा विटा चालत नाहीत. विटेचा बेस दिसला तर तिथेच थांबवा. घसरून बेस गाठणं या वयात नकोच, आणि डोकं पुढे करून तर नाहीच. लिटल लीगच्या लहान गटांतही पुढच्या बेसकडे जाताना तसं केलं की आऊट देतात.

उंच उडालेल्या बॉलखाली दोघं-तिघं धावतात तेव्हा "माझा, माझा, माझा" असं तीनदा मोठ्याने, आणि बाकीच्यांनी त्याचं नाव घेऊन बाजूला व्हायचं. दोघं एकदम ओरडले तर मागून पुढे धावत येणाऱ्याचा हक्क, कारण त्याला समोरचं सगळं दिसत असतं.

ऊन आणि पावसाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी साडेआठच्या पुढे लहान मुलांची बॅच चालू ठेवू नये. आपल्याकडे नुसतं ऊन नाही, दमटपणाही आहे, घाम वाळतच नाही. पाणी तहानेची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी. ढगांचा गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं. झाडाखाली नाही, इमारतीत किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, कोचच्या फोनवर असावं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळची बॅच साडेपाचलाच आवरती घ्यावी. मळलेला बॉल संधिप्रकाशात दिसत नाही.

आता खरेदी. आधी बॉल, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं, आणि तो तुम्ही नाही तर शिबिराने आणायचा असतो. लहान मुलांसाठी आघात कमी करणारे मऊ गाभ्याचे बॉल मिळतात: ५ ते ७ वर्षांना लेव्हल १, म्हणजे सगळ्यात मऊ, ८ ते १० ला लेव्हल ५. ते मिळत नसतील तर टेनिस बॉलवर पूर्ण शिबिर आनंदाने होतं. सात वर्षांच्या मुलाच्या हातात कडक बॉल देणाऱ्या कोचला कारण विचारा.

हेल्मेट हवंच, दोन्ही कान झाकणारं. बॅटर, धावणारा, दोघांनाही. १९२० साली रे चॅपमन हा मोठा खेळाडू पिच, म्हणजे पिचरने बॅटरकडे टाकलेला बॉल, डोक्यावर लागून दुसऱ्या दिवशी गेला, तरी अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये बॅटिंग हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७१ उजाडलं. आपल्याकडे १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला बॉल लागला आणि कसोटी कारकीर्द तिथेच संपली. १९९८ मध्ये ढाक्यात डोक्याला बॉल लागून गेलेले रमण लांबा शॉर्ट लेगला विनाहेल्मेट उभे होते, बॅटिंग करत नव्हते. म्हणून मुलांना सवय अशी लावा की बाकावरून उठताना हेल्मेट डोक्यावर आणि परत बाकावर बसल्यावरच खाली. मधे कुठेही काढायचं नाही, केस घामाने चिकटले तरी. माप बघताना भुवयांच्या वर दोन बोटं, मान जोरात हलवली तरी फिरता कामा नये. मुलीची पोनी उंच बांधू नका, हेल्मेट वर उचललं जातं. खाली मानेजवळ सैल वेणी. घरात क्रिकेटचं जाळीचं हेल्मेट असेल तर? ते बेसबॉलसाठी तपासलेलं नसतं, पण बरोबर मापाचं असेल तर योग्य हेल्मेट येईपर्यंत उघड्या डोक्यापेक्षा केव्हाही बरं. तडा गेलेलं मात्र सरळ कचऱ्यात.

ग्लोव्ह मुलाला ९ ते १० इंची, मुलीला १० ते ११. "वाढत्या वयाचा" म्हणून मोठा घेऊ नका. बंद न होणारा ग्लोव्ह म्हणजे तोंडावर आपटणारा बॉल. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात, हे दुकानातच घालून बघा, कारण ऑनलाइन मागवताना निम्मे लोक इथे चुकतात. बॅट तुमच्या मुलाला २६ इंचांच्या आसपास आणि हलकी. कडं, चेन, कानातले, घड्याळ घरीच काढून ठेवायचं. स्पाइक या वयात लागत नाहीत, रबरी तळव्याचे बूट पुरतात.

हाताच्या दुखण्याबद्दल पालकांना सहसा कोणी सांगत नाही. मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीचा मऊ भाग असतो आणि एकाच प्रकारे पुन्हा पुन्हा फेकल्याने कोपर आणि खांद्यापाशी तोच आधी दुखावतो. लिटल लीगने २००७ पासून पिच मोजायला सुरुवात केली: ७-८ वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त ५०, ९-१० वर्षांना ७५, आणि २० हून जास्त टाकले की निदान एक दिवस विश्रांती, ५० हून जास्त टाकले तर तीन. माझ्या मते सात वर्षांच्या मुलाने पिच टाकूच नये, टीवर खेळावं. पण इथे मुलं सकाळी बेसबॉलला आणि संध्याकाळी क्रिकेटच्या कोचिंगला बॉलिंग टाकायला जातात, आणि दोन्ही कोचना एकमेकांचा पत्ता नसतो. ती बेरीज फक्त तुम्हीच करू शकता. कोपर दुखतंय म्हणाला तर तेल लावून चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. फेकणं बंद करा, आणि दोन-चार दिवसांत थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरकडे.

लागलं तर काय, हे थोडक्यात. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाने उचलायचा, मळलेला असेल तर हलकेच धुवायचा, दुधात टाकायचा आणि तासाभरात डेंटिस्टकडे. दुधाचा दात परत बसवत नाहीत. डोक्याला लागल्यावर मूल गोंधळलं, उलटी झाली, फार झोप येऊ लागली किंवा डोकं दुखायचं थांबेना, तर त्या दिवशीचा खेळ संपला, थेट डॉक्टर. "बरं वाटतंय, खेळू दे" हे मुलाचं म्हणणं तिथे धरायचं नाही.

मुलांना काढायचं का? शनिवारी अर्धा तास नेटमागे उभे राहा आणि एका वेळी किती मुलांच्या हातात बॅट आहे ते बघा. एकाहून जास्त असतील तर कोचशी एकांतात, सौजन्याने बोला. टाके पडल्यावर तेही हादरलेले असतील. पुढच्या आठवड्यात रांग बसलेली दिसली तर मुलांना राहू द्या. "मुलं ऐकतच नाहीत हो" एवढंच उत्तर मिळालं तर काढा, आणि वहिनींचं बरोबर होतं हे मान्य करा.

मुलीचं कॅचर होणं मला तरी आवडलं; नऊ वर्षांच्या मुलांमध्ये ती जागा सहसा कोणाला नको असते. पण पूर्ण सामान असल्याशिवाय एकही पिच नाही, पिचरचा नुसता हात मोकळा करून द्यायचा असला तरी. मास्क आणि हेल्मेट, मास्कखाली लोंबणारं गळ्याचं गार्ड, छातीचं गार्ड, पायाचे गार्ड. हे शिबिराने द्यायचं असतं, लगेच विकत घ्यायची घाई करू नका. फेकण्याचा हात पाठीमागे, अंगठा मुठीत. बॅटला कट लागलेला बॉल उघड्या बोटांवर बसला तर नख जातं. बॅटरच्या किती मागे बसायचं याचा अंदाज असा: बसल्यावर ग्लोव्हचा हात पुढे केला तर तो बॅटरच्या मागच्या गुडघ्याच्या थोडा अलीकडे राहिला पाहिजे. त्याहून पुढे असेल तर बॅट ग्लोव्हला लागेल. छातीचं गार्ड बसून घालून बघा, उभं राहून नाही. बसल्यावर त्याची खालची कड मांड्यांना अडून गार्ड वर सरकत असेल आणि गळ्याला टोचत असेल, तर एक नंबर लहान मागा.